दोन बोटं ऊन

१२ सप्टेंबर

वही दिली आहे म्हणून लिहितो. समोरच्या इमारतीतल्या चित्रकार बाईंनी नऊ जणांना अशा नऊ वह्या वाटल्या आहेत. वेळ ह्या विषयावर त्यांचं एक काम चाललं आहे. प्रत्येकाने रोज ठरलेल्या वेळी एकच गोष्ट करायची, शंभर दिवस, आणि वहीत दोन ओळी लिहायच्या. शेवटी त्याचं प्रदर्शन. मी म्हटलं, बाई, माझी शाळा पाचवीपर्यंत, आणि उभ्या आयुष्यात जे लिहिलं ते लोकांच्या दुकानांच्या पाट्यांवर. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही रंगारी आहात. तुम्ही रंगवा."

काय रंगवायचं ते मीच सुचवलं. मागच्या खोलीला पश्चिमेची खिडकी आहे. दुपारी चारला ऊन समोरच्या भिंतीवर पडतं आणि रोज थोडं थोडं सरकतं. उन्हाची कड जिथे असेल तिथे दोन बोटं रुंदीचा उभा पट्टा ओढायचा, त्या घटकेला भिंत जशी दिसते अगदी त्याच रंगाचा. दुसऱ्या दिवशी कड सरकली की शेजारी पुढचा. बाई म्हणाल्या, "हे मला सुचायला हवं होतं."

बोलून बसलो, आता जमलं पाहिजे.

मागच्या खोलीत ही असते. मार्चमध्ये हिची डावी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. "हं" एवढंच उरलं आहे. थोरलीचं म्हणणं, आईला आजारी माणसांच्या आश्रमात ठेवू, तुम्हाला एकट्याला झेपणार नाही. मी म्हटलं, झेपतं आहे. ती म्हणाली, वर्षअखेरपर्यंत बघू, आईला काही झालं तर मग मी ऐकणार नाही. तपासायला सिस्टर येते, ती थोरलीला सगळं कळवते. म्हणजे परीक्षाच आहे म्हणायची.

१३ सप्टेंबर

पहिला पट्टा. पांढऱ्यात पिवडीची पिवळी माती आणि गेरूचं बोट. ओला असताना बरोबर होता, सुकल्यावर फिकट पडला. पाण्याचा रंग सुकला की उतरतो हे मला ठाऊक नाही का? हिला दाखवायचं म्हणून उजवीकडे पाहिलं तर ही छताकडे बघत होती. पाठीवर होती ना.

१४ सप्टेंबर

आज हिला डाव्या कुशीवर वळवून ठेवलं, भिंतीकडे तोंड करून. मागे उशी लावली, म्हणजे लोळायला नको. सिस्टरने दर दोन तासांनी कूस बदला म्हणून सांगितलं आहे आणि डाव्या कुशीवर कमी ठेवा, ती बाजू मेलेली आहे. पण बघण्यासारखं काही असेल तर माणसाला बरं वाटतं. सहा महिने बिचारी छत बघते आहे, आणि छताचा रंग मीच दिलेला, त्यात काय बघायचं.

पट्टा ओढला तशी "हं" म्हणाली.

म्हणजे कळतं आहे तिला.

२० सप्टेंबर

आठ पट्टे झाले. एक ढगाळ दिवस आला, तो काजळी आणि निळीचा. बाई येऊन पाहून गेल्या. म्हणाल्या, "काका, तुम्ही काळाला हात लावताय." मी हात धुतले होते तरी लुंगीला पुसले.

अडचण अशी की चार वाजता ऊन दहा मिनिटंसुद्धा एका रंगाचं राहत नाही. म्हणून रंग आधी जुळवून ठेवावा लागतो. दोनपासून वाट्या मांडून बसतो. हिला तेव्हाच वळवून ठेवतो, कारण एकदा हात रंगात गेले की मध्येच उठून वळवता येत नाही. पाठ धरली आहे माझी.

२७ सप्टेंबर

आज हिने उजव्या हाताने गादी थोपटली. हळूहळू, बराच वेळ. मी ब्रश टेकवला तरी थोपटत होती. लग्नानंतर मी पहिली मोठी पाटी रंगवली, सराफाच्या दुकानाची, तेव्हा ही रस्त्यावर उभी राहून सगळ्यांदेखत टाळ्या वाजवायला लागली होती. मला लाज वाटली होती. आता एकच हात आहे, तो गादीवर थोपटते.

पंधरावा पट्टा फार चांगला आला.

६ ऑक्टोबर

सिस्टर आली. हिच्या डाव्या खुब्याचं हाड दाबून पाहिलं. म्हणाली, "आजोबा, इथे लाल झालंय. कुठल्या कुशीवर जास्त असतात?"

मी म्हटलं, बदलतो ना.

खोटं नव्हतं. बदलतो. पण किती वेळाने ते तिने विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. तिने तिथे जाड पट्टी चिकटवली. बजावलं, ही अजिबात काढू नका, आठ दिवसांनी येऊन मीच बदलीन. मी दोनदा विचारून घेतलं, अजिबात म्हणजे अजिबात? म्हणाली, "आजोबा, हात लावायचा नाही. तुमचे हात रंगाचे."

थोरलीला कळवणार का असं विचारलं तर म्हणाली, लाल झालंय एवढ्यावरून काय कळवायचं. जीव भांड्यात पडला.

७ ऑक्टोबर

आजपासून डावीकडे कमी ठेवायचं ठरवलं. पट्ट्यापुरतं फक्त. साडेतीनला वळवलं. पण रंग जुळेना, ऊन आता तिरपं येतं आणि त्यात तांबूसपणा वाढला आहे, चार वाजून गेले, मग घाईत ओढला, वाकडा आला. ओळंब्याची दोरी सोडायची राहिली. पंचवीस पट्ट्यांत हा एक वाकडा. उद्यापासून पुन्हा दोनला.

१५ ऑक्टोबर

सिस्टर आली नाही. काल यायला हवी होती.

१९ ऑक्टोबर

शिडी आला होता. हा माझा जुना जोडीदार, माणूस उंच आणि पस्तीस वर्षं माझ्या शिडीला हात लावून उभा, म्हणून हे नाव. आता स्वतःच वाकला आहे. भिंतीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "दिवसाला एक खोली उडवायचास. आता एका भिंतीला शंभर दिवस. मालकाने हाकललं असतं."

मी म्हटलं, हे कलेचं काम आहे.

"मग पुट्टी न मारताच चालतं वाटतं कलेला."

मग हिच्याकडे वळला. "काय वहिनी, ह्याला अजून सरळ रेघ येत नाही बघा." हिने त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. मी पट्टा ओढत होतो. ती "हं" करत होती.

शिडी म्हणाला, "वहिनी कण्हतायत का रे?"

"नाही. रंग बरोबर लागला की तसं करते."

"मग आज फारच बरोबर लागलेला दिसतोय."

चहा न घेता गेला. त्याला घाई होती म्हणे. कसली घाई, घरी कोण आहे त्याच्या.

२२ ऑक्टोबर

सिस्टरची बदली झाली असं दवाखान्यात फोन केल्यावर कळलं. नवी कधी येईल ते सांगता येत नाही म्हणाले, पेशंटला काही त्रास आहे का? मी म्हटलं, नाही, सगळं ठीक आहे. फोन ठेवल्यावर वाटलं, पट्टीचं विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर कुणीतरी आलं असतं, पाहिलं असतं, थोरलीला कळवलं असतं. पट्टी आहे ना जागेवर. काढू नका म्हणाली होती, काढली नाही.

थोरली दर रविवारी येऊन हिला नीट अंघोळ घालते. पण तिच्या कारखान्यात सुट्ट्या बंद झाल्या आहेत, पट्टी लावली तेव्हापासून आलेली नाही, अजून महिनाभर येणार नाही. मी ओल्या फडक्याने पुसतो. पट्टीच्या आजूबाजूने पुसतो, पाणी लागू देत नाही.

२५ ऑक्टोबर

चादरीवर पिवळट डाग. पिवडी सांडली असणार, वाटी पलंगाच्या पायथ्याशी ठेवतो ना. म्हातारपणी हात असा सुटत चालला आहे. चाळीस वर्षांत कुणाच्या फरशीवर थेंब पाडला नव्हता. चादर धुतली, डाग पूर्ण गेला नाही. पिवडी अशी चिकट नसते, पण ह्या नव्या डब्यातल्या मालाचं काय सांगावं.

आता हिच्या खाली प्लॅस्टिक अंथरलं आहे, रंगकामात फर्निचरवर टाकतो तेच. गादी तरी वाचेल.

२९ ऑक्टोबर

खोलीत घाण वास येतो. शोधून शोधून डोकं फिरलं. कोपऱ्यात उंदीर मेला का पाहिलं. मग लक्षात आलं, सरस. रंग भिंतीला धरावा म्हणून त्यात हाडांचा सरस घालून ठेवला होता, तो जुना झाला की कुजतो, कुत्रं मेल्यासारखा वास मारतो. सगळे डबे बाहेर काढून ओतले. नवीन सरस उकळला. दोन दिवसांत वास जाईल.

पट्टे सत्तेचाळीस. ऊन आता भिंतीवर छातीइतकं वर चढलं आहे आणि दाराच्या दिशेने सरकतं आहे. बाईंनी फोटो काढले. पलंगाजवळ जाऊन हिच्याही नजरेतून फोटो घेतला. म्हणाल्या, "ह्या तर तुमच्या पहिल्या प्रेक्षक." मग रुमाल नाकाला लावला. मी म्हटलं, सरसाचा वास आहे, जाईल.

३१ ऑक्टोबर

वास गेला नाही. ही जेवत नाही. आज थोपटलं नाही.

३ नोव्हेंबर

हिला ताप आहे. अंग भट्टीसारखं. औषधाच्या दुकानातून तापाची गोळी आणली, कुटून पाण्यातून दिली. हवा बदलते आहे म्हणून असेल. आज पट्टा ओढला पण तिने पाहिला नाही, डोळे मिटून होती. तरी भिंतीकडे तोंड करूनच ठेवली. डोळे उघडले तर दिसावा.

४ नोव्हेंबर

थोरली अचानक आली. दारातच थांबली. "बाबा, हा कसला वास?"

मी सरसाचं सांगायला लागलो. ती ऐकत नव्हती. सरळ आत गेली, पांघरूण काढलं, प्लॅस्टिक काढलं, आणि पट्टीचा कोपरा धरला. मी म्हटलं, काढू नकोस, सिस्टरने सांगितलंय. तिने काढली.

आत काय होतं ते मी लिहिणार नाही. मूठ आत जाईल एवढं.

६ नोव्हेंबर

इस्पितळ. डॉक्टर तरुण आहे, खालच्या आवाजात बोलतो. विचारलं, "ह्या कुशीवर रोज किती वेळ असायच्या?"

दोन ते साडेचार. कधी पाच.

"किती दिवस?"

मी वही काढली. म्हटलं, १४ सप्टेंबरपासून ३ नोव्हेंबरपर्यंत, एकच दिवस वगळता, त्या दिवशी साडेतीनपासून. तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, इतका नेमका हिशेब कुणीच सांगत नाही. कौतुकाने नाही म्हणाला.

हाडापर्यंत गेलं आहे. रक्तात पसरलं आहे.

७ नोव्हेंबर

जखम धुताना नातेवाइकांनी बाहेर थांबायचं असतं. पडदा अर्धाच ओढलेला होता. आतून आवाज आला. "हं." मग पुन्हा, लांबलेला. "हं."

तो आवाज मी ओळखतो.

घरी येऊन वही पहिल्यापासून वाचली. लिहिलं नाही त्या दिवशीही ती करतच असणार. मी ओढतच होतो.

९ नोव्हेंबर

थोरलीने वही वाचली. मी चहा आणायला गेलो होतो, परत आलो तर तिच्या मांडीवर होती. मिटून माझ्या हातात दिली.

"आई गादी थोपटत होती तेव्हा काय वाटलं तुम्हाला?"

"शाबासकी देते असं वाटलं."

"बाबा, ती तुम्हाला बोलावत होती."

"हो."

"तुम्ही तिच्यापासून चार हातांवर होतात."

ती हिचे केस बोटांनी सोडवत बसली. मग म्हणाली, "दोन घास खाऊन घ्या. तुम्हीही आडवे झालात तर मी कुणाकडे बघू." शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ नोव्हेंबर

बाई इस्पितळात आल्या. डोळे भरून आले होते त्यांचे, खोटे नव्हते. म्हणाल्या, काका, शंभर पूर्ण नाही झाले तरी चालतील, बावन्नच दाखवू. मी म्हटलं, मला भिंत पुसायची आहे. त्या म्हणाल्या, "नका पुसू. त्यात ह्यांचेही दिवस आहेत."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. मला जे दिसतं ते त्यांना सांगता आलं नाही. प्रत्येक पट्टा म्हणजे अडीच तास. पिवळे, तांबूस, करडे, अडीच अडीच तास शेजारी शेजारी उभे केलेत मी, ओळंबा लावून.

घराची किल्ली त्यांना देऊन टाकली. घरी जाऊन ब्रश उचलायची ताकद नव्हती.

१४ नोव्हेंबर

पलंगाच्या पायाशी एक तक्ता टांगलेला असतो. वेळ, कूस, सही. दर दोन तासांनी आया येतात, हिला वळवतात आणि लिहितात. पाठीवर. उजवी. पाठीवर. उजवी. डावी लिहायची नाही, तो रकाना काट मारून बंद केला आहे. अक्षर असं की कोंबडीचे पाय. मी त्यांच्यातल्या एकीला विचारलं, मी लिहू का? मी पाट्या रंगवायचो. ती म्हणाली, लिहा, पण वळवायला हातही लावा, एकटीने होत नाही मला.

आता दर दोन तासांनी मी खांद्याकडून धरतो, आया कमरेकडून. एक, दोन, तीन म्हणून ती वळवते. एवढंच होतं ते. पुरता एक मिनिटही लागत नाही.

१८ नोव्हेंबर

तक्ता माझ्या हाताने लिहायला लागल्यापासून शेजारच्या पलंगांचे नातेवाईकही येतात, आमचाही आखून द्या. आखून दिले. आया म्हणते, "आजोबा, तुम्ही आलात आणि वॉर्डाला शोभा आली."

ही माझ्याकडे बघत नाही. उजव्या कुशीवर असली की तोंड खिडकीकडे, पाठीवर असली की छताकडे. मी समोर जाऊन उभा राहिलो तर डोळे मिटते. झोप लागली असेल असं आया म्हणते. मी ओळखतो, झोपेत हिचं तोंड उघडं राहतं.

२३ नोव्हेंबर

कुणाचेच शंभर दिवस झाले नाहीत, पण हॉल आत्ताच मिळत होता म्हणून प्रदर्शन सुरू झालं. आठ जणांचं काम बाईंनी एका हॉलमध्ये मांडलं आहे आणि भिंत हलवता येत नाही म्हणून लोक आमच्या घरी येतात. शिडी पाहून आला आणि इथे येऊन बसला. बराच वेळ टोपी गुडघ्यावर फिरवत राहिला.

"रांग होती," म्हणाला. "जिन्यापर्यंत."

"पलंग काढला का?"

"नाही. लोकांना बसून बघायला ठेवलाय. एक एक जण बसतो, पाच मिनिटं. एक बाई म्हणत होती, काय शांत वाटतं इथे."

मी म्हटलं, कुठल्या बाजूला तोंड करून बसतात?

"भिंतीकडेच की. दुसरीकडे काय आहे बघायला."

मग म्हणाला, "त्या दिवशी मी नुसती थट्टा करून गेलो. मला कळलं होतं, गड्या. मी उठून गेलो." मी त्याला म्हटलं, तुझं काय चुकलं. पण त्याला तेवढं ओझं घेऊन जायचं होतं, घेऊन गेला.

२६ नोव्हेंबर

ताप उतरत नाही. औषध बदललं. नळी बदलली. पुढच्या पाच दिवसांचा तक्ता आखून ठेवला, म्हणजे ऐनवेळी घाई नको.

२८ नोव्हेंबर

सकाळी डॉक्टरांनी थोरलीला आणि मला बाहेर बोलावलं. म्हणाले, आजपासून त्यांना वळवू नका. हलवलं की फार लागतं, आणि आता त्याने काही साधणार नाही. जशा आहेत तशा निवांत राहू द्या. थोरलीने मान हलवली. मी विचारलं, म्हणजे किती तासांनी? डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "बाबा, आता नाही वळवायचं."

वॉर्डाच्या सिस्टरने पलंगाचा तक्ता काढून घेतला. मी म्हटलं, रविवारपर्यंतच्या रेघा आखून झाल्यात. ती म्हणाली, "असू देत, आजोबा." आणि घडी करून फाइलमध्ये घातला.

थोरली घरून कपडे आणायला गेली आहे. मी स्टूल सरकवून असा बसलो आहे की डोळे उघडले तरी हिला मी दिसणार नाही.

दहा वाजता. पाठीवर.

बारा वाजता. पाठीवर.

दोन वाजता. पाठीवर.